डावी सीट

‘ओमीन’ म्हणून मी दोन्ही तळवे तोंडावरून खाली आणले, आणि ते हनुवटीशी पोहोचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की मी गाडी विकत घेतली आहे. खिडकीबाहेर गाडीचा मालक, मेदेर नावाचा पस्तिशीचा माणूस, तोही तोंडावरून हात फिरवत होता. शेजारच्या पांढऱ्या गाडीला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत उभे असलेले दोघं अनोळखी, त्यांनीही बिया खिशात टाकून हात फिरवून घेतले होते. ‘लाभो दादा, लाभो!’ असं म्हणत मेदेरनं खिडकीतून हात आत घालून माझा हात दाबला. मी काहीतरी म्हणणार होतो. मी म्हणणार होतो की ऑइलचं झाकण अजून उघडून बघितलेलं नाही, खालून गंज बघायचा राहिलाय, आणि मुळात उजव्या स्टिअरिंगची गाडी मला नकोच आहे. पण माझ्या डाव्या हाताला मेदेरचा म्हातारा बाप थर्मासचं झाकण फिरवत बसला होता. त्याच्या कोटावर बोरसोकचे, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचे, कण पडले होते आणि चेहऱ्यावर एक काम नीट उरकल्याचं समाधान होतं. आमच्यात माणूस दिलेल्या शब्दावरून फिरतो, कागदावरच्या सहीवरून तर फिरतोच. पण पांढऱ्या दाढीच्या माणसानं हात पसरून दिलेल्या बातेला, आशीर्वादाला, ओमीन म्हणून मग मागे फिरलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. आणि मी तर नुसतं ओमीन म्हटलं नव्हतं. माझा आवाज चिरकला होता. छप्पन्न वर्षांचा... नाही, सेहेचाळीस, त्या क्षणी मला माझं वयसुद्धा नीट आठवत नव्हतं.

तो दहावा रविवार होता. सप्टेंबरपासून दर रविवारी मी पहाटेची पहिली बस पकडून बिश्केकच्या टोकाला असलेल्या गाड्यांच्या बाजारात जात होतो आणि दुपारी हात हलवत परत येत होतो. माझी धाकटी बहीण बुरुल वर डोंगरात, सुसामिरला राहते, बाबांजवळ. तिचा फोन आला होता. ‘दादा, बाबांना या थंडीत इथे ठेवायचं नाही. गेल्या हिवाळ्यात दोनदा श्वास अडकला. डॉक्टर म्हणाले, एक हिवाळा अजून वर काढला तर पुढचा बघायचे नाहीत.’ मी म्हटलं, टॅक्सी करून पाठव. ‘बसतील का ते टॅक्सीत! म्हणतात, परक्याच्या गाडीत बसून मी घर सोडत नसतो, मी काय घोंगडी आहे का कुणाच्याही डिकीत टाकायला?’ मग जरा थांबून ती म्हणाली, ‘तू आलास तर येतील.’ मी विचारलं, असं म्हणाले? ‘असं नाही म्हणाले. म्हणाले, त्याच्याकडे गाडी कुठाय.’ तेव्हापासून मी गाडी शोधत होतो. पेट्रोलची, कारण वरच्या थंडीत डिझेलचा चिखल होतो. चारही चाकांना जोर असलेली, कारण वाटेतल्या त्यो-आशूच्या खिंडीत नोव्हेंबरनंतर रस्ता म्हणजे काच असते. आतली शेगडी, म्हणजे हीटर, धडधाकट पाहिजे, कारण बाबांची छाती. उणे तीसला पहाटे सुरू होणारी पाहिजे. आणि हे सगळं माझ्या पगारात.

माझा धंदा लिफ्ट तपासण्याचा. शहरातल्या जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये मी एकटा वर-खाली जातो, कान देऊन ऐकतो, कुठं घासतंय, कुठं सैल झालंय. खोट काढण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे गाडी बघायला मी जेवढा लायक होतो तेवढाच नालायकही होतो, हे मला कळायला दहा रविवार लागले. खालच्या मजल्यावरचा म्हातारा वित्या, ज्यानं तीस वर्षं टॅक्सी चालवली, त्यानं मला सगळं शिकवलं. ‘लिफ्टवाल्या, अंधार असतानाच पोचायचं. मालकानं इंजीन तापवायच्या आत. आधी बोलायचं नाही, चाकाला लाथा मारायच्या नाहीत, ते सिनेमात मारतात. आधी बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं की चालू पडायचं. गार गाडी तुझ्यासमोर सुरू करायला ज्याची फाटते, त्याची गाडी तू खिंडीत नेणार?’ मग ऑइलचं झाकण उघडायचं, आत लोण्यासारखा पांढरा थर असला तर पाणी शिरलंय. दाराच्या खालच्या पट्टीवर चुंबक फिरवायचं, जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याच्या जागी भरणी आहे. शेगडी पूर्ण चालू करून पायाशी हात धरायचा आणि शंभरपर्यंत मोजायचं. दिसण्याकडे बघायचं नाही. ‘देखणी गाडी उन्हाळ्यासाठी,’ वित्या म्हणायचा, ‘थंडीत कुरूपच बरी. बायकोचंही तसंच असतं, पण तुला ते सांगून उपयोग नाही.’ माझी बायको सहा वर्षांपूर्वी कामासाठी मॉस्कोला गेली. पहिल्या वर्षी दर आठवड्याला फोन यायचा, नंतर नवरोजला आणि वाढदिवसाला, आता फक्त नवरोजला येतो. तिच्याबद्दल वित्या टोमणा मारतो तेव्हा मला बरं वाटतं, निदान कुणीतरी तिचं नाव काढतं.

पहिल्या रविवारी बघितलेल्या जर्मन गाडीचं सगळं ठीक होतं, पण मागच्या एका दाराचा रंग किंचित वेगळा होता. दुसऱ्या गाडीचा मालक फार हसत होता. तिसरी गाडी एकाच हातातली होती, पण तो हात पोलिसाचा होता. चौथ्या वेळी माझी आणि गाडीची दोघांची परीक्षा पुरी झाली, चुंबक सगळीकडे चिकटलं, शेगडीनं हात भाजला, मालकानं किल्ली पुढं केली, आणि मी म्हटलं की जरा बायकोला विचारून येतो. बायकोला! मी बाजाराच्या फाटकापर्यंत गेलो, तिथं एक सामसा घेतला, उभ्यानं खाल्ला आणि बस पकडली. त्या संध्याकाळी वित्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘तू गाडी शोधत नाहीस. तू खोट शोधतोयस. सापडली की तुला आनंद होतो, मी बघतो ना तुझं तोंड.’ मी चिडलो. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो मला म्हणत होता, आणि अंगण खरंच वाकडं असतं हे मी त्याला पटवत होतो. पुढच्या रविवारपासून त्यानं मला बाजाराचं विचारणंच सोडलं. पण लिफ्टमध्ये एकटा असताना, दोन मजल्यांच्या मधे ती थांबवून दिव्याखाली वायर तपासताना, माझ्या मनात यायचं, गाडी नाही तोवर जायला नको. गाडी नाही तोवर कुणी मला विचारू शकत नाही की का येत नाहीस. हे मनात आलं की मी लिफ्ट चालू करायचो.

आणि उजव्या स्टिअरिंगची जपानी गाडी तर मी लांबूनच बाद करायचो. बाजारात त्या सगळ्यात स्वस्त, इंजीन सगळ्यात इमानी, पण आमचा रस्ता उजव्या बाजूनं चालतो. उजवीकडे बसलेल्याला पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. खिंडीत सगळा रस्ता कोळशाच्या आणि तेलाच्या ट्रकांमागून काढायचा असतो, तेव्हा अशा गाडीत डाव्या सीटवर माणूस लागतो. तो वाकून बघतो आणि सांगतो, थांब, किंवा जा. नवरा-बायको असतात, भाऊ असतात, कुणी नसलं तर लोक रस्त्यात हात दाखवणाऱ्याला फुकट घेतात, तेवढ्यासाठी. मी वित्याला एवढंच म्हणायचो की मला उजवीकडची सवय नाही. डावीकडे बसायला माझ्याजवळ कुणी नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला ते माहीत असणार, खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला वर किती पावलं वाजतात ते ऐकू येतं.

ती राखाडी गाडी मी पाहिली ती केवळ मला थंडी वाजत होती म्हणून. दहाव्या रविवारी बाजारात बर्फाचं बारीक पीठ पडत होतं आणि माणसं पायांवर पाय आपटत होती. गाडीच्या डाव्या सीटवर एक म्हातारा फरची टोपी घालून, मांडीवर कापड पसरून बसला होता, आणि स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडं होतं. सवयीनं मी बॉनेटवर हात ठेवला. बर्फासारखं गार. मेदेर पलीकडून धावत आला. ‘या ना दादा, बसा, स्वतःच सुरू करून बघा! मी नाही हात लावणार, नाहीतर म्हणाल, काहीतरी जादू केली.’ बसलो. किल्ली फिरवली. दुसऱ्या फेरीला इंजीन खोकल्याशिवाय उठलं. मी शेगडी चालू केली आणि पायाशी हात धरून मोजायला लागलो, तेवढ्यात म्हाताऱ्यानं माझ्या दुसऱ्या हातात चहाची वाटी ठेवली. चहा हातात आल्यावर मोजणी चुकते. ‘कुठले?’ त्यानं विचारलं. सुसामिरचा. ‘असं होय! कुणाचा?’ मी बाबांचं नाव सांगितलं, सादिर, घोडेवाला सादिर. म्हातारा त्यांना ओळखत नव्हता, पण त्यानं मान अशी हलवली की जणू ओळखतो. ‘आहेत ना?’ आहेत म्हटलं. ‘आणि तू गाडी त्यांना आणायला घेतोयस.’ मी म्हटलं, बघू. ‘बघू काय? बाप काय थांबतो होय रे, तुझं बघून होईस्तोवर?’ तो हसला, त्याला पुढचे दोन दात नव्हते. मग त्यानं बोरसोक दिले, मी खाल्ले, खिडकीबाहेर मेदेर कुणाला तरी किंमत सांगत होता, काच आतून धुकटली, पायाशी ऊब आली, आणि मला कुणी इतक्या साधेपणानं रागावून किती वर्षं झाली होती ते आठवेना.

खाणं झालं की म्हातारी माणसं हात पसरतात, अन्नासाठी. त्यानं पसरले, मीही पसरले. यात विचार कसला करायचा, हात आपोआप उघडतात. अन्नाची बाता एका ओळीत संपते. त्याची संपली नाही. तो खालच्या, घोगऱ्या आवाजात बोलत राहिला, डोळे मिटून. रस्ता मोकळा असो. चाकाखाली दगड न येवो. खिंडीनं वाट द्यावी. ज्याची वाट बघतायत तो वेळेवर पोचो. सादिरच्या पोरा, बापाला हाताशी धरून उंबऱ्याबाहेर आण आणि हाताशी धरून उंबऱ्याच्या आत ने. हे वाहन तुला लाभो. मी पसरलेल्या तळव्यांकडे बघत होतो. चोवीस वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढं लांब बोललं नव्हतं. वाक्य संपलं तेव्हा मी ओमीन म्हटलं, आणि पुढचं मी सांगितलंच. गाडीतून उतरण्याआधी म्हाताऱ्यानं आरशाला बांधलेली चामड्याची जुनी वादी नखानं सोडवली आणि कोटाच्या खिशात टाकली. ‘दावं आमच्याकडेच राहू दे हं,’ तो म्हणाला, ‘गाडी तुझी. घरातली बरकत घरात.’ मी मान हलवली. माझी मान त्या वेळी जड झाली होती, कारण दाव्याची गोष्ट मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होती.

मी बावीस वर्षांचा होतो. शहरात शिकायला जायचं ठरलं होतं आणि फीसाठी बाबांनी तांबडा घोडा विकायला मला खाली बाजारात पाठवलं. जनावर विकताना दावं देत नाहीत. दावं काढून घरी आणायचं, खुंटीला टांगायचं, म्हणजे जनावर गेलं तरी बरकत जात नाही. पोराटोरांनाही हे माहीत असतं, बाबांनी ते मला सांगितलंही नाही. मी घोडा विकला, शहराकडे जाणारा ट्रक फाटकात उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, गिऱ्हाइकानं दाव्याला धरूनच घोडा नेला आणि मी ट्रकवर चढलो. पायथ्याच्या कारा-बाल्टा गावाच्या पुढं गेल्यावर माझ्या रिकाम्या हाताकडे माझं लक्ष गेलं. त्या हिवाळ्यात आधी पाऊस झाला, मग गारठलं, सुसामिरच्या सगळ्या कुरणावर बोटभर बर्फाची साय धरली आणि घोड्यांचे खूर ती फोडू शकले नाहीत. आमच्या चौदांपैकी तीन उरले. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर मी काहीतरी म्हटलं असतं. पण त्यानंतर दोन-तीन वर्षांतून एकदा मी वर जायचो, एक रात्र राहायचो, आणि सकाळी माझी निघायची वेळ झाली की बाबांना नेमकं गोठ्यात काम निघायचं. निघणाऱ्याला बाता द्यायची असते. शेजारच्याच्या पोराला ते देत, सैन्यात निघालेल्याला देत, लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला देत. मला कधी दिली नाही. मी टॅक्सीच्या मागच्या काचेतून बघायचो, दारात बुरुल एकटी हात हलवत उभी असायची.

गाडी बघून वित्या तिच्याभोवती दोनदा फिरला, खाली झोपला, उठला, गुडघे झटकले. ‘कुरूप आहे,’ तो म्हणाला. ‘चांगली आहे.’ मग मी त्याला बातेचं सांगितलं आणि तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. ‘अरे लिफ्टवाल्या, तो म्हातारा दर रविवारी तिथं बसतो! दर रविवारी! थर्मास, बोरसोक, सगळं! इंजीन बघत बसणाऱ्या गिऱ्हाइकाला असंच गुंडाळतात. तुमच्यासारख्यांना गाडी विकायला इंजीन लागत नाही रे, दोन हात लागतात.’ खरं असेल. मला ते खरं वाटलंही. त्या रात्री अंथरुणात मी खूप वेळ छताकडे बघत पडलो होतो आणि मला त्या म्हाताऱ्याचा राग यावा म्हणून वाट बघत होतो. तो आला नाही. बाता विकायची होती म्हणून दिली असेल, पण सादिरच्या पोरा म्हटलं ते कुणाला म्हटलं? त्यानं मला फसवलं असेल तर फसवू दे, मला कुणीतरी फसवून का होईना पाठवायलाच हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी एकटा निघालो. वित्यानं बॅटरी तपासली, डिकीत फावडं, वाळूची पिशवी आणि दोर टाकला, आणि मी विचारायच्या आत म्हणाला, ‘मी नाही येत. माझं मूत्राशय खिंडीएवढं नाही.’ कारा-बाल्टापर्यंत सगळं सोपं होतं. मग चढ लागला आणि तेलाचा एक टँकर पुढं आला. त्याच्या मागच्या बाजूला घाण बर्फात कुणीतरी बोटानं दोन डोळे आणि तोंड काढलं होतं. मी त्या तोंडाकडे बघत दीड तास काढला. दोनदा मी चाक डावीकडे नेलं, आणि दोनदा समोरून काळं काहीतरी वाढत आलं तेव्हा मागं घेतलं. डाव्या सीटवर मी माझी हातपिशवी ठेवली होती. बुरुलसाठी चहा, बाबांसाठी लोकरीचे मोजे. माझ्यामागून आलेल्या गाड्या एकेक करून मला आणि टँकरला दोघांना ओलांडून गेल्या. एकीत लहान मूल मागच्या काचेतून मला टाटा करत होतं. बोगद्याच्या तोंडाशी माझी पाठ घामानं ओली झाली होती आणि मी मोठ्यानं काहीतरी बोलत होतो. काय ते मला आठवत नाही, बहुधा पिशवीशी बोलत होतो.

बाबा दारात उभे होते. आधी मला वाटलं ते मला बघायला आलेत, पण ते गाडी बघत होते. ‘उजव्या हाताची आणलीस,’ एवढंच म्हणाले. ते लहान झाले होते. कोटाच्या बाह्या बोटांवर आल्या होत्या. हल्ली त्यांना जवळचं दिसत नाही, वाटीतला चहा किती उरला ते बोट घालून बघतात, पण समोरच्या डोंगरावरची घोडी कुणाची ते अजून घरात बसून सांगतात, असं बुरुल म्हणाली. श्वास घेताना त्यांच्या छातीत काहीतरी घासत होतं. मी धंद्याच्या सवयीनं ऐकत राहिलो. रात्री थंडी उणे सत्तावीसवर गेली. बॅटरी काढून मी चुलीशेजारी ठेवली, बाबांच्या आणि माझ्या अंथरुणाच्या मधे. अंधारात त्यांनी विचारलं, ‘ही पण थंडीला भिते होय?’ मी हो म्हटलं. एवढंच आमचं बोलणं झालं.

सकाळी उजाडायच्या आत मी बाहेर होतो. बॅटरी बसवली, बोटं चिकटली, किल्ली फिरवली. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक कण्हणं. मला वाटलं संपलं, गाव बघतंय, बाबा बघतायत. तिसऱ्या फेरीला ती उठली. मी ती बंद पडू नये म्हणून पाय न काढता बराच वेळ बसून राहिलो, मग उतरून काच खरवडली, शेगडी तापवली, आत जाऊन चहा उभ्यानंच घेतला आणि बाबांचं गाठोडं उचललं. उंबऱ्यावर त्यांनी क्षणभर थांबून घराकडे बघितलं. बुरुल रडत होती. मी वाट बघितली. आता ते हात पसरतील, निदान आज, असं मला फार आतून वाटलं. ‘चल, तुझी गाडी थंड होईल,’ ते म्हणाले. मग मी त्यांना हाताशी धरून उंबऱ्याबाहेर आणलं. त्यांना सीटच्या पट्ट्याचा खटका दिसेना म्हणून मी त्यांच्यावरून वाकून पट्टा लावला. धुराचा आणि जुन्या मेंढीच्या कातड्याचा वास आला. इतक्या जवळ मी त्यांच्या कधी आलो होतो, मला आठवत नव्हतं.

पंधरा-वीस किलोमीटर मागं पडले. मग त्यांनी आरशाच्या बुडाला हात लावून चाचपलं. ‘विकणाऱ्यानं दावं ठेवून घेतलं?’ मी म्हटलं, हो, चामड्याची वादी होती, सोडून घेतली. ‘शहाणा आहे.’ रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पांढरं, पाठीमागं गाव केव्हाच संपलं होतं. मी म्हटलं, ‘बाबा, त्या वर्षी दावं मी...’ ‘माहितीये.’ ‘तुम्हाला माहीत होतं?’ ‘घोडा विकून तू आला नाहीस, दावं आलं नाही. त्यात काय माहीत व्हायचं?’ मी म्हटलं, अकरा घोडी गेली. ते खोकले, खोकला संपेपर्यंत मी गाडी हळू केली. ‘घोडी बर्फानं गेली,’ ते म्हणाले. ‘दाव्यानं जगत असती तर मी घरभर दावीच टांगली असती. अख्ख्या सुसामिरची गेली. सगळ्यांची पोरं दावी विसरली होती काय?’

चोवीस वर्षं. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की मनगट दुखायला लागलं. ‘मग मला कधी बाता का नाही दिलीत?’ मी विचारलं. माझा आवाज बावीस वर्षांच्या मुलाचा निघाला. ते माझ्याकडे वळले, पण इतक्या जवळून त्यांना माझा चेहरा दिसत नसणार, ते डोळे बारीक करून माझ्या कानाच्या आसपास बघत राहिले. ‘तू कधी बसलास?’ ते म्हणाले. ‘सांग ना, कधी बसलास? बूट घालून दारात उभा. चहा उभ्यानं. टॅक्सी आली, हॉर्न वाजतोय, निघतो. उभ्या माणसाच्या पाठीवर काय बाता फेकून मारायची? मग जायचो मी गोठ्यात. दारात उभं राहून तुझी धूळ खाऊ?’ मला सकाळचा चहा आठवला. उभ्यानं, कान बाहेरच्या इंजिनाकडे. मागच्या वेळचा आठवला, त्याच्या मागचा. टॅक्सीच्या काचेतून दिसणारी बुरुल आठवली, आणि ती रिकामी जागा, जी मी एवढी वर्षं नीट बघून ठेवली होती. ती रिकामी करण्यात माझाही हात होता, हे मला कधी दिसलं नव्हतं. खोट काढण्याचा मला पगार मिळतो.

गाडी बाजूला घ्यावी, इंजीन बंद करावं, बसावं, असं मला वाटलं. पण चढ लागला होता आणि या चढावर थांबलेली गाडी पुन्हा वर निघेलच याची खात्री नव्हती. पुढं कोळशाचा एक लांब ट्रक आला. मागचं फळकूट, त्यातून गळणारी काळी धूळ, धूर. मी गाडी त्याच्यामागं धरली. त्याच्या पलीकडे रस्ता आहे की खिंड संपलीय, मला काही कळत नव्हतं. बाबांनी काच खाली केली. उणे वीसची हवा आत आली, मी म्हटलं, बाबा, छाती. त्यांनी ऐकलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोकं बाहेर काढलं, लहानपणी ते घोड्यावरून असेच पुढं वाकायचे. पांढरे केस वाऱ्यानं उभे राहिले. ‘थांब,’ ते म्हणाले. ‘एक येतोय. निळा. अजून लांब आहे, वळणाच्या पलीकडे. थांब.’ मी ट्रकमागंच राहिलो. बराच वेळ काही आलं नाही, मग खरंच एक निळा ट्रक आम्हाला घासून खाली गेला. ‘थांब. मागं अजून एक छोटी आहे.’ छोटीही गेली. त्यांचा डावा हात दाराबाहेर होता, तळवा उघडा, वर केलेला, मला अडवून धरणारा. त्यांची छाती घासत होती. मग त्यांनी तो तळवा पुढं रस्त्याकडे वळवला.

‘आता जा,’ बाबा म्हणाले. ‘मोकळं आहे. जा.’

मला ट्रकशिवाय काहीही दिसत नव्हतं. मी गाडी बाहेर काढली.